पाण्यातला थोरला

बोट रिकामी झाली तरी मा उतरली नाही. आधी नारळाची पोती उतरली, मग सुक्या मासळीच्या टोपल्या, पाय बांधलेल्या कोंबड्या, कुणाची तरी मोटारसायकल, आणि मग माणसं. माणसं दिसायला लागल्यावर दारमिननं सहा वर्षांच्या दिलाला खांद्यावर घेतलं, आजीला नात आधी दिसावी म्हणून. मोतीबिंदूनं भरलेल्या डोळ्यांना केंदारी शहराच्या धक्क्यावरच्या गर्दीत नात काय दिसणार, हे त्याला कळत होतं, पण घेतलं. खलाशी फळी काढायला लागले तेव्हा त्यानं तिला खाली ठेवलं. लासिहू नावाचा म्हातारा खलाशी हातात पत्र्याचा डबा घेऊन त्याच्याकडे आला. "अरे, तुलाच शोधत होतो. तुझी मा आली होती की बेटावरच्या धक्क्यापर्यंत! गाठोडं, छत्री, पानाचा डबा, सगळं घेऊन. फळीवर एक पाय टाकला आणि थांबली. पाण्यात बघत काहीतरी बोलत बसली. आम्ही म्हटलं, आजी चला, भोंगा झाला. तर म्हणाली, दारमिनला सांग, थोरल्याला एकट्याला टाकून माझ्यानं येववत नाही. आणि हे दिलंय." आजूबाजूला उभे असलेले दोघेतिघे बेटावरचेच होते. त्यांनी समजुतीनं माना हलवल्या. एक जण तर "खरंय बाबा" असंही म्हणाला. त्यातलं कुणी हसलं असतं तर दारमिनला बरं वाटलं असतं.

डब्यात सुकवलेला ऑक्टोपस होता. मानं स्वतः उन्हात ताणून, दगडानं ठोकून, मीठ लावून केलेला. दारमिननं सवयीनं त्याचे पाय मोजले. सात होते. आठवा कुणाला गेला हे त्याला सांगायला कुणाची गरज नव्हती. "बाबा, थोरला कोण?" दिलानं विचारलं. "कुणी नाही," तो म्हणाला, आणि डब्याचं झाकण इतक्या जोरात लावलं की ते वाकडं बसलं.

थोरला म्हणजे दारमिनची वार. पाण्यावर वस्ती करणाऱ्या बाजो लोकांत बाईच्या पोटातून मूल येतं आणि त्याच्यामागून वार येते. ती वार म्हणजे त्या मुलाचं जुळं भावंड, आणि दोघांत ते मोठं. बाप ती करवंटीत ठेवून घराखालच्या पाण्यात सोडतो. मग एक भावंड घरात वाढतं आणि एक समुद्रात. मा राहते त्या सांपेला गावात यात कुणाला काही विशेष वाटत नाही, जसं घरं पाण्यात खांबांवर असतात यात वाटत नाही. मागाहून येणारा थोरला कसा, असं दारमिननं लहानपणी एकदा विचारलं होतं. "मोठा म्हणूनच तो मागं थांबला," मा म्हणाली होती. "तुला पुढं घातलं, आणि दार लावून घेऊन मग आला. मोठी माणसं तशीच असतात." हे सांगताना तिच्या आवाजात जे कौतुक होतं ते दारमिनच्या वाट्याला कधी आलं नव्हतं, आणि आज एक्केचाळिसाव्या वर्षी धक्क्यावरच्या उन्हात उभं राहून त्याला तो आवाज स्वच्छ ऐकू येत होता. इतरांनाही थोरले होते. पण इतरांच्या घरी पाच-पाच, सहा-सहा पोरं. त्यांच्या थोरल्यांना घाईघाईत टाकलेली दोन शितं मिळायची आणि ते बिचारे त्यातच भागवायचे. दारमिनच्या घरी तो एकटा. बाप समुद्रकाकड्या गोळा करायला दक्षिणेकडे गेला तो परत आला नाही, तेव्हा दारमिन चार वर्षांचा होता. मग घरात राहिले तिघं, आणि तिघांतला एक दिसत नव्हता, चुकत नव्हता, आजारी पडत नव्हता, उलट उत्तर देत नव्हता. अशा भावाशी कुणी काय बरोबरी करायची?

तो दिलाला घरी सोडून कामावर गेला. मासे गोठवण्याच्या कारखान्यात त्याचं काम कुपा माशाचा रंग बघण्याचं. पोकळ सळई शेपटीजवळ खुपसायची, फिरवून बाहेर काढायची, आत आलेली मांसाची बारीक वळकटी तळहातावर घेऊन दिव्याखाली धरायची. लाल असेल तर पहिल्या दर्जाची, विटकरी असेल तर दुसऱ्या. अकरा वर्षं तो हे करत होता आणि त्याचा शब्द शेवटचा समजला जाई. त्या दिवशी त्यानं एक सरळ सरळ तपकिरी मासा पहिल्या दर्जात टाकला. शेजारी वजन करणाऱ्या हासरूलनं तो उचलून परत त्याच्यासमोर ठेवला. "काय दारमिन, सासू आली वाटतं घरी?" "आई यायची होती. आली नाही." "मग तर खुशीत पाहिजेस लेका! माझी आली की मला कारखान्यात झोपावंसं वाटतं." दारमिन हसला. सळई पुसली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, या वर्षी शस्त्रक्रिया झाली तर म्हातारीला दिसेल, पुढच्या वर्षी सांगता येत नाही. त्यानं घराला एक खोली वाढवली होती. तिला समुद्राकडे उघडणारी खिडकी ठेवली होती, जमिनीवर झोपायची सवय मोडू नये म्हणून पलंग बुटका करून घेतला होता. गवंड्याला तो दिवसातून दोनदा सांगत असे, माझी आई येणार आहे. आणि तिनं फळीवर पाय ठेवून पाण्यात बघितलं. दारमिनला ती कशी बघते ते माहीत होतं. मान थोडी कलती करून, ओठ हलवत, एखाद्या लाजऱ्या मुलाला जेवायला बोलवावं तसं. तिनं त्याला विचारलं असणार, जाऊ का रे? आणि हातातली वळकटी त्यानं न बघताच बादलीत टाकली.

हे दुखणं जुनं होतं. घराची जमीन बांबूच्या पट्ट्यांची, मध्ये बोटभर फटी, आणि फटीतून खाली हिरवं पाणी. मा जेवायला बसली की आधी माशाच्या पाठीचा, काटा नसलेला तुकडा काढायची, कसाव्याचा कंद किसून केलेल्या कासुआमीच्या वाफाळत्या गोळ्यात दाबायची आणि फटीतून खाली सोडायची. "जेव हं," म्हणायची. मग दारमिनच्या ताटात वाढायची. दारमिन पालथा पडून फटीला डोळा लावून बघे. घास पाण्यात पडला की बारीक मासे गोळा होत, घास हलायला लागे, जणू खरंच कुणी खातंय. मग मा म्हणे, "बघ, जेवतोय तुझा थोरला." दारमिनला मासे दिसत होते. सात वर्षांचा असताना एकदा तो जेवणाच्या वेळेला मुद्दाम घराखाली पोहत राहिला आणि वरून घास आला तसा माशांच्या आधी त्यानं तोंडात घेतला. खारट, अर्धा विरघळलेला. आयुष्यात त्यानं त्याच्याइतकं चांगलं काही खाल्लं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कान फुटला आणि ताप भरला. मानं त्याच्याकडून काढून घेतलं, काय केलंस? त्यानं सांगितलं. मग ती दाराशी जाऊन त्याच्याकडे पाठ करून बसली, पाण्यात विडा सोडला, तंबाखू सोडली, आणि त्याच्या थोरल्याची तिन्हीसांजेपर्यंत क्षमा मागत राहिली. "लहान आहे रे तो. चुकला. तू रागावू नकोस, तुला काय हवं ते सांग." दारमिन अंथरुणात कान धरून पडला होता. ताप त्याला होता. काय हवं ते मा दुसऱ्याला विचारत होती. संध्याकाळी ती त्याच्याजवळ आली, कपाळावर हात ठेवला आणि शेजारणीला म्हणाली, "माझा दारमिन शहाणा आहे, समजून घेईल." हे वाक्य त्याला पुढं शेकडो वेळा ऐकायला मिळालं. ज्या ज्या वेळी त्याच्या वाट्याला कमी आलं त्या त्या वेळी तो शहाणा असे.

त्याच्याकडे एकच जमेची बाजू होती. थोरल्याला नाव नव्हतं. सांपेलात आईला पहिल्या मुलाच्या नावानं ओळखतात आणि तिला सगळे 'दारमिनची मा' म्हणत. कुणी पलीकडच्या घरातून तशी हाक मारली की दारमिन पाण्याकडे बघून घेई. एवढीच काय ती कुरघोडी. बाकी सगळी बाजी थोरल्याची. बाराव्या वर्षी दारमिन खडकाच्या कडेला खोल गेला होता, पाण्याखाली बघायचा लाकडी चष्मा लावून. पाय जाळ्यात अडकला, छाती फुटायला आली, आणि त्यानं स्वतःच्या दातांनी ती दोरी तोडली. दातांनी. पुढचा एक त्यात हललाही. वर आला, होडीच्या कडेला लटकला, घरी आला आणि सांगितलं. मानं पहिल्यांदा काय केलं असेल, तर दाराकडे धावली आणि पाण्याला हात जोडले. "तूच वर ढकललंस ना रे त्याला." दारमिनचा दात अजून हलतो. गार पाणी लागलं की ठणकतो. आणि त्याचं श्रेय त्या फुकट्याच्या नावावर जमा आहे.

"काय हो, दिलाचे बाबा," संध्याकाळी त्याची बायको हरनिता म्हणाली. ती शाळेत कारकून होती आणि तिच्या बोलण्यात शाळेतल्या मास्तरांना धाकात ठेवणाऱ्या कारकुनाचा ठसका होता. साबुदाण्याच्या खळीसारखा सागोचा गरम गोळा ती दोन काठ्यांवर गुंडाळून वाढत होती. "सवतीमत्सर बायकांना असतो असं आजपर्यंत ऐकलं होतं मी." "म्हणजे?" "म्हणजे काय? दुपारपासूनचं तोंड बघा आरशात. डोळे त्यांचे जाणार आहेत, आणि तुम्ही भांडताय कुणाशी? एका वारेशी." "तू तोलाकी. तुम्ही डोंगराकडची माणसं. तुला नाही समजायचं. तुमच्याकडे वार पुरून टाकतात आणि विसरून जातात." "मग बरंच की! निदान दर जेवणाला पान तरी मांडत नाही तिचं." हरनिता हसली. दारमिन मात्र हसला नाही, कारण पुरून टाकतात हा शब्द त्याच्याच तोंडातून गेला होता आणि तो आता घरात फिरत होता. त्यानं खिडकीतून अंगणाकडे पाहिलं. तिथं सिमेंटवर त्याची मोटारसायकल उभी होती.

हे हरनितालाही माहीत नव्हतं. दिला झाली त्या दुपारी नर्सनं त्याच्या हातात कापडानं तोंड बांधलेलं लहानसं मडकं दिलं. आतली वार हरनिताच्या पोटातून आली होती पण ती सोडायची दारमिननं, बाजो बापानं, असं दोघांचं ठरलेलं होतं. तो मडकं पोटाशी धरून खाडीवर गेला. तिथं फोन वाजला. सांपेलातून मा, शेजारणीच्या मुलीच्या फोनवरून, इतकी मोठ्यानं बोलत होती की फोनची गरज नव्हती. "सोडलीस का रे थोरलीला? हळू सोडलीस ना? काय बोललास तिच्याशी? पाणी स्वच्छ आहे ना तिथलं?" थोरली. बाळ कसं आहे, कुणासारखं आहे, हरनिता कशी आहे, यातलं काही नाही. आधी थोरली. हातातलं मडकं अजून कोमट होतं. दारमिन म्हणाला, "सोडली." आणि गाडी वळवून घरी आला. अंगणाच्या कोपऱ्यात पेरूचं झाड होतं. त्याच्या बुडाशी त्यानं हातभर खड्डा खणला, मडकं ठेवलं, माती लोटली, पायानं दाबली. माझी मुलगी एकटी असेल, असं तो मनात म्हणत होता. तिच्या वाटणीत कुणी असणार नाही. माशाच्या पाठीचा पहिला तुकडा तिचा असेल, ती स्वतः वर आली तर ती स्वतः वर आली असेल. त्याला त्या वेळी आपण मोठं न्यायाचं काम करतो आहोत असं वाटत होतं. दोन वर्षांनी पेरू कीड लागून वठला, तो तोडला, आणि अंगणाला सिमेंट केलं. पावसाळ्यात दिला खोकायला लागली की दारमिन अंगणात जाऊन उभा राही आणि आपण गाडी बघायला आलो आहोत असं स्वतःला सांगे.

शाळेला सुट्टी लागली तसा तो दिलाला घेऊन सांपेलाला निघाला. यावेळी तिला घेऊनच यायचं, नाहीतर पुन्हा तोंड दाखवायचं नाही, असं त्यानं हरनिताला सांगितलं. हरनिता म्हणाली, "तोंड कुणाला दाखवणार नाही? त्यांना दिसत नाहीये." बोटीत त्यानं भाषण तयार केलं. डॉक्टर, खोली, खिडकी, बुटका पलंग, दिला. या यादीत स्वतःचं नाव कुठं घालावं ते त्याला सुचेना. पंधराव्या वर्षी तो शिकायला म्हणून गाव सोडून निघाला तेव्हा मा दारातच बसली होती. रडली नाही. त्यानं होडीत पाय ठेवला, तेव्हा ती शेजारणीला म्हणाली, "एक चालला, एक राहिला." हे शब्द सव्वीस वर्षं त्याच्याबरोबर हिंडत होते. जो राहिला त्याच्याजवळ ती राहिली. यात तिचं काय चुकलं, असं तो कधी कधी स्वतःला विचारत असे, आणि उत्तर यायच्या आत दुसऱ्या कामाला लागत असे.

मानं दिलाचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, नाक, कान, हनुवटी, आणि म्हणाली, "दारमिनचं नाक. बिचारी." ती हसत होती. डोळे दुधाळ झाले होते. दारमिनच्या दंडाला धरून तिनं त्याला आत नेलं, आणि चार पावलांत दोनदा तिचा पाय अडखळला, त्या जमिनीवर जिथं ती साठ वर्षं अंधारातही वावरत आली होती. जेवण तयार होतं. शेजारची, चुलत भावाची, तीन पोरं दिलाला बघायला येऊन बसली. मानं माशाच्या पाठीचा तुकडा बोटांनी शोधून काढला, कासुआमीत दाबला, जमिनीची फट चाचपली आणि घास सोडला. "जेव हं. बघ, कोण आलंय." दारमिननं ताटाकडे पाहिलं. पोरांनीही आपापली दोन-दोन शितं फटीतून टाकली, "जेव गं," "जेव रे," असं एकमेकांच्या वरचढ ओरडत. दिला पालथी पडून फटीला डोळा लावून बघत होती. ती अगदी त्याच्यासारखी पडली होती.

"आजी," दिला म्हणाली, "माझी कुठंय?"

"तुझी इथं कशी असेल? तुझी केंदारीच्या खाडीत. तुझ्या बानं सोडलीय. तू घास टाकतेस ना तिला रोज?"

"नाही. मला कुणी सांगितलंच नाही."

मानं मान वळवली. तिला दिसत नव्हतं, पण मान बरोबर दारमिनच्या दिशेला आली. "दारमिन?"

"शहरात कुठं जमतं मा हे सगळं? कामावर जायचं, शाळा..."

"सहा वर्षं? सहा वर्षं ती पोर उपाशी आहे?"

पोर. जिच्यावर मानं एकदाही नजर टाकली नव्हती, जिला डोळेच नव्हते, तिला ती पोर म्हणाली, आणि दारमिनच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. डॉक्टर, खोली, खिडकी, सगळी यादी वाहून गेली. "ती खाडीत नाहीच," तो म्हणाला. "मी सोडलीच नाही तिला. पुरली. अंगणात, झाडाखाली. आता वर सिमेंट आहे." शेजारची पोरं आळीपाळीनं दोघांच्या तोंडाकडे बघत होती. त्यातली मोठी शहाणी निघाली. तिनं धाकट्यांना दंडाला धरून बाहेर काढलं.

"का?" मानं विचारलं.

"का? कारण तू मला कधी पहिला घास दिला नाहीस." हे तो चाळिशी ओलांडलेला, केस विरळ झालेला, ज्याच्या शब्दावर मणामणाच्या माशांचा दर्जा ठरतो असा माणूस बोलत होता आणि त्याचा आवाज चिरकत होता. "एकदाही नाही. ताप मला आला, माफी त्याची. दोरी मी तोडली, हात त्याला जोडलेस. मी गेलो तेव्हा तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. म्हटलं, माझ्या पोरीला हे नको. तिला कुणी थोरलं नको."

खालून भरतीचं पाणी खांबांना लागत होतं. मानं बोटांना लागलेली कासुआमी चोळून काढली. "किती वर्षं हे पोटात घेऊन फिरतोयस?" ती म्हणाली. "वेडा कुठला. अरे, तू समोर बसलेला असायचास. तुला भूक लागली की सगळ्या गावाला कळायचं, एवढा ओरडायचास. तो ओरडत नाही. म्हणून त्याला आधी."

"मला कसं कळणार ते?"

"विचारायचंस." तिनं हात त्याच्या दिशेला पुढं केला, तो त्याच्या गुडघ्यावर पडला आणि तिथंच राहिला. दारमिनला वाटलं, आता ती काहीतरी म्हणेल. इतकी वर्षं जे ऐकायचं होतं ते आता येणार. मा म्हणाली, "जमिनीत आहे म्हणजे कोरडी पडली असेल रे. वरून ऊन. सिमेंट तापत असेल. हिला खोकला होतो?"

"होतो. पावसाळ्यात."

"होणारच. ती खाली तहानलेली, ही वर खोकते." तिनं हात काढून घेतला. "मी येते."

"काय?"

"येते म्हटलं. उद्याची होडी सांग. ते सिमेंट फोड तेवढंच, बसण्यापुरतं. तिच्याजवळ कुणीतरी बसायला हवं, पाणी घालायला हवं, चार शब्द बोलायला हवेत. तुम्हा दोघांना कामं. मला काय काम आहे?" आणि ती उठली, भिंत चाचपत गेली, आणि खुंटीवरचं गाठोडं काढलं. ते मागच्या वेळचंच होतं, सोडलेलंही नव्हतं.

अकरा वर्षं दारमिन याच शब्दांची वाट बघत होता. निरोप पाठवून, पैसे पाठवून, खोली बांधून, डोळ्यांची भीती घालून जे झालं नाही ते त्याच्या एका पापानं झालं होतं. ती येणार होती. त्याच्यासाठी नाही, डोळ्यांसाठी नाही, दिलासाठीही धड नाही. इतकी वर्षं तो दुसरा होता; आज एका मडक्यानं त्याला तिसरा केलं. त्याला हसू यायला लागलं. "आणि डोळे?" त्यानं विचारलं. "त्यांचं बघू तिथं आल्यावर. आधी ती." मग त्याच्या तोंडून, का कुणास ठाऊक, आणखी एक प्रश्न गेला. "आणि थोरला? त्याला एकट्याला टाकून?"

मा गाठोड्याची गाठ घट्ट करत होती. क्षणभर तिचे हात थांबले. "तो शहाणा आहे," ती म्हणाली. "समजून घेईल."

सकाळी चुलत भाऊ साहरूण होडी घेऊन दाराशी आला. मानं रात्रीच्या उरलेल्या अन्नाचं अख्खं ताट एकदम पाण्यात रिकामं केलं, घर बंद करताना माणसं मांजराला वाढून जातात तसं, पुटपुटली काहीतरी, आणि साहरूणच्या खांद्याला धरून होडीत उतरली. ती पुढं बसली, दिलाला मांडीशी घेऊन, गावाकडे पाठ करून. होडी खडकांमधल्या वाटेनं निघाली. इंजिनाच्या आवाजावर तिचा आवाज येत होता. ती दिलाला शिकवत होती, कसं बोलवायचं, घास कसा दाबायचा, आधी काय म्हणायचं. तिनं मागं वळून पाहिलं नाही. पाहून तिला दिसणारही नव्हतं, पण मान वळली असती तर दारमिनला कळलं असतं.

तो मागच्या टोकाला बसला होता, पाण्याच्या सर्वांत जवळ. घर लहान होत चाललं होतं, त्याच्या खालचं पाणीही. त्यानं आयुष्यभर ज्याचा हेवा केला होता तो आता तिथं होता, खांबांच्या सावलीत, दुपारी वरून काही यायची वाट बघणारा, आणि भूक लागली तरी न ओरडणारा. शहाणा आहे, समजून घेईल. या वाक्याची चव दारमिनइतकी जगात कुणाला माहीत नव्हती. त्याच्या मांडीवर पानात बांधलेली कासुआमी होती, प्रवासासाठी मानं दिलेली. आत माशाचा तुकडा होता. त्यानं बोटांनी चाचपून बघितलं. पाठीचा होता, काटा नसलेला. तिनं आज तो त्याला दिला होता की आंधळ्या हाताला चुकून लागला होता, हे त्याला विचारता आलं असतं. मा तीन हातांवर बसली होती. त्यानं विचारलं नाही.

साहरूण पुढं बघत होता. दारमिननं तो तुकडा कासुआमीच्या गोळ्यात दाबला, होडीच्या कडेवरून हात खाली नेला आणि बोटं ओली होईपर्यंत थांबून सोडला. घास फेसात एकदा वर आला आणि मागं पडत गेला.

"जेव रे," तो म्हणाला. "आज आपण दोघंच आहोत."